मे महिन्याच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन तलावावर गळाने मासे धरायला जायचे आहे : जागा आणि तयारी सुचवावी

शहापूरकर (बेळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या मुलांच्या शाळेला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, परंतु पुण्याच्या बहिणीचा मुलगा मे महिना उजाडल्याशिवाय मोकळा होत नाही. त्यामुळे सगळ्यांनी मिळून जायचे म्हटले की मेचा पहिला पंधरवडाच काय तो हाताशी राहतो. त्या काळात तीन-चार दिवस एखाद्या तलावाकाठी मुक्काम करावा आणि मुलांना गळाने मासे धरायला शिकवावे, असा विचार आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा आणि भाचा नऊ वर्षांचा आहे. माझे वडील उमेदीच्या काळात मार्कंडेय नदीवर नेमाने गळ टाकीत असत, आणि नातवंडांच्या हातात आपण स्वतः काठी द्यावी ही त्यांची मनापासूनची इच्छा आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना उतारावर फार चालवत नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल.

माझ्या डोळ्यांसमोर तीन ठिकाणे आहेत : हिडकल धरणाचा जलाशय, चंदगड तालुक्यातील तिलारीनगरचा परिसर आणि दांडेलीजवळचे सुपा धरण. राकसकोप घरापासून सर्वांत जवळ आहे, पण ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे धरण असल्यामुळे त्याचा विचार मी केलेला नाही. या तिन्हींपैकी लहान मुलांच्या दृष्टीने कोणते ठिकाण बरे, परवानगी कोणाची घ्यावी लागते, आणि चार वर्षांच्या मुलाला पाण्याजवळ कसे सांभाळावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील. मोठे मासे मिळावेत अशी अपेक्षा मुळीच नाही. मुलांना पाण्याची आणि माशांची गोडी लागावी, इतकेच मनात आहे.

हुक्केरीचे पाटील यांचे उत्तर

शहापूरकर, हिडकलविषयी मी खात्रीने लिहू शकतो, कारण आमची शेती त्या बाजूला आहे. बेळगावहून राष्ट्रीय महामार्गाने सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो वडिलांना झेपण्यासारखा आहे. परंतु पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेले हिडकल आणि मे महिन्यातले हिडकल या दोन निराळ्या जागा आहेत, हे आधी समजून घ्यावे. उन्हाळ्यात कालव्यांना आणि पिण्यासाठी पाणी सोडून सोडून जलाशय खाली उतरतो आणि पाण्याची कड मूळ काठापासून दूर, कधी कधी अर्धा किलोमीटर आत सरकते. पाणी फारच खाली गेले की बुडालेल्या हुन्नूर गावचे विठ्ठल मंदिर वर येते आणि ते पाहायला लोक गर्दी करतात. तुम्हीही मुलांना ते अवश्य दाखवा, पण दर्शनाचा दिवस आणि मासेमारीचा दिवस वेगळा ठेवा.

धोका आहे तो या उघड्या पडलेल्या जमिनीत. वरून भेगाळलेली, वाळलेली दिसणारी काळी माती पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आली की खाली लोण्यासारखी मऊ असते. मोठ्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो तिथे चार वर्षांचे मूल गुडघ्याच्या वर रुतते, घाबरून हातपाय झाडते आणि आणखी खाली जाते. आमच्याकडचे मच्छीमार नव्या जागी उतरताना हातातली काठी पुढे टेकवीत चालतात, आणि काठी वीतभर आत गेली की तिथूनच माघारी वळतात. तुम्हीही असेच करा. मुरमाड किंवा खडकाळ उतार शोधा. गुरे रोज जिथून पाण्यावर उतरतात ती वाट बहुधा घट्ट असते. बुडीत गावांच्या जुन्या विहिरी आणि भिंती पाण्याच्या कडेला कुठे असतील ते स्थानिक माणसालाच ठाऊक असते, म्हणून कोणाला तरी सोबत घेतल्याशिवाय त्या बाजूला उतरू नका.

धरणाच्या भिंतीखाली घटप्रभेच्या पात्रात बसून गळ टाकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे सावली असते आणि पाणी उथळ दिसते. मुले बरोबर असताना तिथे अजिबात बसू नये. दरवाजे उघडून पाणी सोडले की पात्र थोड्याच वेळात फुगते, आणि खडकावर बसलेल्या माणसाला परतीची वाट उरत नाही.

परवानगीचे म्हणाल, तर जलाशयात मासे धरण्याचा हक्क मत्स्य व्यवसाय खात्याकडून ठेक्याने दिलेला असतो. छंद म्हणून एक-दोन काठ्या टाकणाऱ्याला ठेकेदार सहसा हरकत घेत नाहीत, तरी न विचारता बसणे बरे नव्हे. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना दोन शब्द विचारण्यात कमीपणा नाही.

खानापूरच्या सविताताई यांचे उत्तर

दांडेलीचा विचार मुले मोठी होईपर्यंत बाजूला ठेवावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. काळी नदीत मगरी आहेत आणि त्या दांडेली गावाच्या अगदी लगत दिसतात. शिवाय त्या परिसराचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, जिथे गळ टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. आमच्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यालाही तोच नियम लागू आहे. ते २०११ मध्ये घोषित झाले, आणि पूर्वी तिथल्या ओढ्यांवर मासे धरणाऱ्या कित्येकांना हद्द नेमकी कुठून सुरू होते याची अजूनही कल्पना नसते. मगरींचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते, की कृष्णेच्या पात्रातही सांगलीपासून खाली आपल्या रायबाग-अथणीच्या बाजूपर्यंत मगरी आहेत. तेव्हा कोणी कृष्णाकाठ सुचवला तर नम्रपणे नाही म्हणावे.

टिळकवाडीच्या एक आई यांचे उत्तर

दादा, जागेविषयी वर चांगली माहिती आली आहे. मी मुलांविषयीच लिहिते, कारण आमच्या घरी दोन लहान मुले आहेत, नवऱ्याला गळाचा छंद आहे आणि आमची सुट्टी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पाण्याकाठी जाते.

सर्वांत आधी हे ठरवा की मुले काठावर असताना एक मोठे माणूस हातात काठी धरणारच नाही. त्या माणसाने मोबाइल पाहायचा नाही, गाठ सोडवायला बसायचे नाही, चहा करायचा नाही. मुलांकडे पाहायचे, एवढेच त्याचे काम. आमच्याकडे अर्ध्या-अर्ध्या तासाने ही पाळी बदलते आणि बदलताना ‘आता माझी नजर’ असे मोठ्याने म्हणायची सवय आम्ही लावून घेतली आहे, कारण चार मोठी माणसे काठावर असली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याचे लक्ष आहे. बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्यात असताना आवाज निघत नाही, आणि सगळे मिनिटभरात होऊन जाते. म्हणून चार वर्षांच्या मुलासाठी अंतराचा नियम एकच असावा : हात लांब केला की तो धरता आला पाहिजे. नऊ वर्षांच्या भाच्याला पोहता येत असले तरी त्याला यातून सूट देऊ नका. पोहण्याच्या तलावातले स्वच्छ, एकसारख्या खोलीचे पाणी आणि गढूळ, एकदम खोल जाणारे पाणी यांत फार अंतर आहे.

तिन्ही मुलांना लाइफ जॅकेट घाला, होडीत बसणार नसलात तरी. जॅकेट वजनाच्या हिशेबाने घ्यावे आणि लहानग्याच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्यापाशी धरून वर उचलून पाहा. जॅकेट वर सरकून हनुवटी झाकत असेल तर ते मोठे आहे. हवा भरायच्या ट्यूब आणि दंडातले फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

आता वेळेचे. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊनंतर काठावर बसणे मुलांना सोसत नाही, आणि त्या वेळी मासाही खोल पाण्यात जातो. उजाडताच निघावे आणि साडेआठ-नऊला सामान आवरावे. संध्याकाळी पाचनंतर तासभर, तेही आभाळ स्वच्छ असेल तरच. बरोबर कोकम सरबत, ताक आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी भरपूर ठेवा, आणि मुलांनी मागण्याची वाट न पाहता अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडे थोडे पाजा. दशम्या आणि भडंग यांच्याइतके काठावर उपयोगी पडणारे खाणे मला दुसरे सापडलेले नाही.

सात वर्षांची मुलगी अर्धा-पाऊण तास एकाग्र राहील, धाकटा दहा मिनिटांत कंटाळेल. कंटाळला की त्याला पुन्हा काठीपाशी बसवण्याचा आग्रह करू नये. शिंपले वेचणे, गांडुळांचा डबा सांभाळणे, पकडलेल्या माशांवर बादलीतले पाणी घालणे ही त्याच्या दृष्टीने खरी मासेमारीच आहे. पहिल्या दिवशी तो आनंदात परतला, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी उठून बसेल.

शहापूरकर यांनी पुन्हा लिहिले

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दांडेली रद्द केली. पाटीलसाहेबांनी गाळाविषयी लिहिलेले वाचून वडिलांनीही मान डोलावली आणि हिडकलला मंदिर पाहण्यापुरते जाऊ, असे म्हणाले. आता चंदगडच्या बाजूची माहिती कोणी देईल का? तिलारीनगरचा जलाशय बरा, की त्याच तालुक्यातील एखादा लहान तलाव? शिवाय आजकाल दुकानात मिळणाऱ्या रीळच्या काठ्या मुलांसाठी घ्याव्यात की साधा बांबू पुरे, यावर आमच्या घरात दोन मते आहेत.

चंदगडकर यांचे उत्तर

आपले स्वागत आहे. शिनोळीवरून पाटणे फाट्याकडे आलात की हवेतला फरक मुलांनाही जाणवेल. तिलारीनगरचा जलाशय पाहायला फार सुंदर आहे, परंतु त्याचे काठ तीव्र उताराचे आहेत आणि भोवती दाट जंगल आहे. तिलारी खोऱ्यात आणि आमच्या तालुक्याच्या त्या टोकाला २००० नंतरच्या दशकापासून हत्तींचा वावर आहे. त्यामुळे संध्याकाळी काळोख पडेपर्यंत मुलांना घेऊन पाण्यावर रेंगाळणे योग्य नाही. वडिलांच्या गुडघ्यांनाही तो उतार मानवणार नाही.

माझे मत विचाराल तर मोठ्या धरणाचा हट्टच सोडावा. जंगमहट्टीचे धरण तुलनेने लहान आहे आणि तेही चालेल, पण सात आणि चार वर्षांच्या मुलांसाठी गावतळे सर्वांत उत्तम. घाटाच्या अलीकडच्या गावांत मे महिन्यातही पाणी टिकून राहणारी तळी आहेत, काठावर वडाचे किंवा आंब्याचे झाड असते, गाडी जवळपर्यंत जाते आणि आजोबांना खुर्ची टाकून बसता येते. तळे निवडताना दगडी पायऱ्यांचा घाट असलेले तळे मात्र टाळा, कारण शेवाळलेल्या पायरीवरून मूल घसरले की थेट खोल पाण्यात जाते. पाण्यावर हिरव्या रंगाचा जाडसर थर आणि वास असेल तर तेही सोडून द्या. तसल्या पाण्यात मुलांनी हातही घालू नयेत आणि तिथला मासाही खाऊ नये.

गावतळ्याचा ठेका बहुधा ग्रामपंचायतीकडून दिलेला असतो. सरपंचांकडे किंवा पंचायतीच्या शिपायाकडे चौकशी केली की ठेकेदार कोण ते कळते.

मेमध्ये आमच्याकडे वळवाचा पाऊस कधीही येतो, बहुतेक वेळा दुपारनंतर, आणि तो पावसापेक्षा विजेसाठी ओळखला जातो. उघड्या काठावर उभा असलेला माणूस हा त्या परिसरातला सर्वांत उंच ठिपका असतो, आणि हातात कार्बनची लांब काठी असेल तर धोका आणखी वाढतो. गडगडाट कानावर पडला याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, असाच घ्यावा. काठ्या जमिनीवर टाकून सगळ्यांनी गाडीत बसावे, काचा वर कराव्यात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय पाण्याकडे परतू नये. झाडाखाली आसरा घेणे सर्वांत वाईट.

निपाणीचे आजोबा यांचे उत्तर

शहापूरकर, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. काठीच्या वादात मी त्यांच्याच बाजूचा असणार, असा माझा अंदाज आहे. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात रीळ देऊ नये. दोरा गुंततो, फेकताना गळ मागे उभ्या असलेल्या भावंडाच्या अंगावर येतो आणि मुलाचे लक्ष पाण्याऐवजी यंत्राकडे राहते. मुलाच्या उंचीच्या दीडपट लांबीचा, टोकाला लवणारा वाळका बांबू घ्या. त्याला काठीइतकाच लांब बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधा, शेवटी दहा किंवा बारा नंबरचा गळ लावा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात ध्यानात ठेवा) आणि गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा लहानसा दाणा दाबा. हा दाणा दातांनी दाबायची अनेकांना सवय असते. शिसे विषारी आहे, मुलांसमोर तर तसे करूच नये. तरंगी म्हणून जोंधळ्याच्या धाटाचा बोटभर तुकडा पुरतो. तो मुलांनाच सोलून बांधू द्या, कारण स्वतः बांधलेल्या तरंगीवरून मूल नजर हलवत नाही.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाका. माशाचे तोंड कमी फाटते आणि चुकून कोणाच्या बोटात गळ शिरला तर तो आल्या वाटेने निघतो. काटा न दाबलेला गळ खोल रुतला तर ओढू नका, तंगूस कापून थेट डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. गळ फेकला जात असताना डोळ्यांना जपण्यासाठी साधा चष्मा आणि काठाची टोपी सर्वांना असावी.

मासा म्हणाल तर मुलांसाठी चिलापी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज आपल्याकडचे क्वचितच एखादे तळे त्याच्यावाचून असेल. स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न आणि जागा तो बळकावतो, म्हणून मुलांनी चार-सहा चिलाप्या घरी नेल्या तर तळ्याचे काहीच बिघडत नाही. तो काठालगत राहतो, दिवसा खातो आणि कणकेच्या हळद लावलेल्या गोळीलाही येतो. गळ टाकण्याआधी मुलांना घेऊन काठाच्या उथळ पाण्यात नीट पाहा. तळाच्या चिखलात ताटाएवढे गोल, स्वच्छ खळगे दिसतील. ते नराने शेपटीने आणि तोंडाने उकरलेले असतात, आणि प्रत्येक खळग्यावर एक काळसर नर पहारा देत फिरत असतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती जवळजवळ काही खात नाही. क्वचित एखादी मादी गळाला लागली आणि तिने तोंडातून पिवळी अंडी किंवा इवलाली पिल्ले टाकली, तर तिला तिथेच पाण्यात सोडून द्यावे. हे दृश्य ज्या मुलाने पाहिले आहे त्याला मासा म्हणजे केवळ ताटातली तुकडी, असे कधी वाटणार नाही.

चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात. मुठीत धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवीत ते काटे दाबून घ्यावेत, आणि हात आधी ओला करावा. शिंगी मासा मात्र मुलांना हात लावू देऊ नका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते आणि वेदना फार होतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्याने आराम पडतो, पण पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासावे आणि त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

मृगाच्या तोंडावर चढणीचे मासे धरायला पुन्हा या, असा आग्रह कोणी ना कोणी करील. पोटात अंडी घेऊन ओढ्यावर चढणारे ते मासे आहेत. त्या वेळी मुलांना पुलावर उभे करून ते चढताना दाखवावेत, धरू नयेत, असे मला कळकळीने वाटते.

शहापूरकर यांनी लिहिले

आजोबा, वडिलांना आपले उत्तर वाचून दाखवले आणि त्यांनी लगेच बांबू कुठे मिळेल याची चौकशी सुरू केली. आता असे ठरले आहे की चंदगडच्या बाजूला एखाद्या गावात घरगुती मुक्काम करायचा, सकाळी गावतळ्यावर जायचे, दुपार घरात काढायची, आणि परतताना वाट वाकडी करून हिडकलला विठ्ठलाचे मंदिर पाण्याबाहेर आले असेल तर पाहायचे. नजर ठेवण्याच्या पाळ्यांमध्ये बहीण, मेहुणे, पत्नी आणि मी असे चौघे आहोत. वडील फक्त शिकवतील. लाइफ जॅकेट या आठवड्यात घेत आहे. चंदगडकर, ठेकेदाराला भेटताना आणखी काही विचारायला हवे का?

चंदगडकर यांचे उत्तर

आदल्या दिवशी संध्याकाळीच भेटा आणि जाळी कोणत्या बाजूला टाकली आहेत ते विचारून घ्या. ती संध्याकाळी लावून सकाळी उचलतात, आणि मुलांचा गळ त्यात अडकला तर त्यांचे जाळे फाटते. त्याच वेळी पाणी कुठे एकदम खोल होते आणि गाळ काढण्यासाठी यंत्राने खणलेले खड्डे कोणत्या बाजूला आहेत, हेही दाखवायला सांगा. तळ्यात रोज उतरणारा माणूस ते बोट करून दाखवील. मुलांनी धरलेले मासे न्यायचे असतील तर किती न्यायचे तेही त्यांच्याशीच बोलून ठरवा. आमच्या गावाच्या बाजूला येणार असाल तर इथेच निरोप ठेवा, म्हणजे पंचायतीत विचारून ठेवतो.